दानाची झडती

१

चोरीला गेलेली वस्तू कुणालाच नको होती. म्हणून तिची फिर्याद कुणी दिली नाही, पंचनामा झाला नाही, आणि ज्यांना चोरी ठाऊक होती ते गप्प बसले.

क्षमा वैशंपायन बॉयलर हाऊसच्या दारात उभी राहून वर बघत होती. भाद्रपदात ती इथं आली तेव्हा वाफेच्या प्रत्येक पाइपाला पांढुरका जाड दोर गुंडाळलेला होता. बॉयलरच्या अंगावर कापडी गाद्या तारेनं आवळलेल्या होत्या आणि उसवलेल्या शिवणीतून पांढरे पुंजके लोंबत होते. आज तिथं पिवळीधमक काचलोकर, आणि तिच्यावर चकचकीत पत्रा. कित्येक वर्षं बंद पडलेल्या मिलचा बॉयलर लग्नाला निघाल्यासारखा नटला होता.

निंबजाई पेपर मिल शिरवळची, हायवेला लागून. सत्त्याण्णव साली एक परदेशी कंपनी ती विकत घ्यायला निघाली, पण एका अटीवर. इमारतीत कुठंही ॲस्बेस्टॉस असता कामा नये; पुण्यात बैठक घेऊन मालकाला एकट्याला त्यांनी हे बजावलं होतं. ही तपासणी पुण्याच्या एका फर्मकडं आली आणि फर्मनं वाईच्या क्षमाला धाडलं. छपरावर चढायचं, पाइपांखाली रांगायचं, कुठं कुठं आहे ते शोधायचं, हे तिचं काम.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खरं तर दगड. पण पिंजला की थेट कापसासारखा दिसतो. जळत नाही, कुजत नाही. त्याचं तूस डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. ते श्वासाबरोबर आत जातं, फुप्फुसात रुततं आणि तिथंच मुक्काम करतं. माणूस वीस-पंचवीस वर्षांनी खोकायला लागतो. तोवर मिलचा मालक बदललेला असतो, आणि डॉक्टर विचारतो, बिडी ओढता का. साहेबांच्या देशात माणसं मेली तेव्हा तिथं कायदे झाले. आमच्याकडं तशीच मेलेली माणसं क्षयाच्या नावावर चढवतात आणि मोकळे होतात.

पहिल्या खेपेला क्षमानं ब्रशानं निळे आकडे काढून जागा नेमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुकडे कापून प्रयोगशाळेला न्यायचे, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात मिलचे मालक लालासाहेब आले. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा बॉयलर हाऊसमध्ये शिरले नाहीत. गाडीपाशीच नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले की पितृपंधरवडा लागतोय, या दिवसांत शुभकाम नको, घट बसल्यावर या. क्षमाच्या घरी पंधरवड्यात झाडूसुद्धा विकत आणत नसत. तिला ते पटलं. मान डोलावून ती वाईला निघून आली.

आता ती स्वतःवरच चरफडत होती. पंधरवड्यात कुणी नवं काम काढत नाही असं आपण सगळेच धरून चालतो, आणि कुणीतरी नेमकं तेच धरून सगळं काम उरकून घेतलं होतं.

मॅनेजर गंगाधरराव साताऱ्याचे, मवाळ गृहस्थ. ते म्हणाले की पाइपांवरचं हे आवरण, लॅगिंग, दोन वर्षांपूर्वीच बदललंय, मॅडमची काहीतरी गफलत होतेय. क्षमा भिंतीकडं गेली. भिंतीला लागून एक पाइप होता, त्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी होती. त्या पट्टीवर निळ्या रंगाचं एक शेपूट उरलं होतं. तिच्याच हातच्या सातच्या आकड्याचं. ब्रश जरा लांब ओढला गेला होता, म्हणून शेपूट लोखंडावर आलं आणि डोकं पाइपाच्या दोरावर राहिलं. दोर गेला, डोकं गेलं, शेपूट तेवढं राहिलं.

"हा आकडा मी गणपतीनंतर काढलाय," ती म्हणाली. "याचं वरचं अर्धं कुठं गेलं, गंगाधरराव?"

गंगाधररावांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

गेटवर केरबा. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, मिशा अजून ड्यूटीवर असलेला. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, भंगाराची एक बी गाडी ह्या गेटातनं भायेर गेली न्हाई. कुनाचा टिफिन बी मी उघडून बघतो."

तो खोटं बोलत नव्हता. माणूस खोटं बोलला की क्षमाला कळे असं नाही, पण हा माणूस खोटं बोलायला लागला असता तर आधी त्याच्या मिशाच पडल्या असत्या.

एसटीडी बूथवरून तिनं पुण्याला फोन लावला. तिचा वरिष्ठ मुकुल म्हणाला की इमारत आता स्वच्छ आहे ना, मग स्वच्छ लिही. आपल्याला इमारत तपासायला सांगितलीय, इमारतीतून काय गेलं ते नाही.

"पण गेलं कुठं?"

"नाव क्षमा, आणि कुणाला म्हणून करायची नाही," मुकुल हसला. "दसऱ्यापर्यंत ऑफिस तसंही ढिलंच आहे. तोवर कर काय करायचं ते. दसऱ्याला सही पाहिजे."

तिनं रिसीव्हर आपटला. जे जळत नाही आणि कुजत नाही ते नाहीसं होत नाही. ते कुठंतरी होतं. आणि जिथं होतं तिथं कुणीतरी श्वास घेत होतं.

२

घरी आईचे घट बसले होते. घटासमोरचा अखंड दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, म्हणून आईची झोप उडालेली. दर थोड्या वेळानं उठायचं, जळून काळी पडलेली वात पुढं सारायची, काजळी झाडायची, तेल घालायचं. काजळी झाडताना ज्योत गेली तर अपशकुन, म्हणून आधी शेजारी निरांजन पेटवून घ्यायचं, मग वातीला हात लावायचा. क्षमा लहानपणापासून हे बघत आलेली. तिचं त्याकडं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला गंगाधररावांच्या घरी गेली. ऑफिसात चष्म्याआड लपणारा माणूस घरी बायकोसमोर सापडतो, असा तिचा हिशेब.

श्रद्धावहिनींनी साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली आणि बसल्या त्या बोलतच राहिल्या. मुलगा शौनक पुण्यात शिकतोय, मिल विकली गेली की नवे मालक ह्यांना ठेवतात की काढतात कोण जाणे, आबांनी शब्द दिलाय पण. देव्हाऱ्यात घट होता, दिवा शांत तेवत होता. क्षमा तिथं चांगली दुपार उतरेपर्यंत बसली.

गंगाधरराव मात्र ओट्यावरच्या मांजरासारखे सावध. परदेशी लोकांची ही सगळी खुळं आहेत, म्हणाले. आमचे कामगार त्या दोरांवर डोकं टेकून दुपारची झोप काढायचे. त्यांना काय झालं? क्षमानं विचारलं, कुठं आहेत ते कामगार आता? गंगाधररावांना एकाचंही नाव सांगता आलं नाही. गावाला गेले असतील, म्हणाले. एक दोघं वारले, पण ते छातीच्या विकारानं.

क्षमाचं डोकं सणकलं. 'पण' म्हणाले ते.

निघताना वहिनींनी हळदीकुंकू लावलं आणि दिव्याकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, "यंदा आमचा दिवा फार शहाणा झालाय हो. नाहीतर दरसाल रात्रीची झोप नाही मिळायची."

क्षमा हसली, नमस्कार केला, बाहेर पडली. एसटीत बसेपर्यंत तिला काही सुचलं नाही. आणि सुचलं तेव्हाही ती स्वतःला म्हणाली की काहीतरीच. एका दिव्यावरून काय ठरवायचं?

दुसरा दिवा बघायला हवा होता.

३

केरबाचं घर शिरवळातच, नीरेकडं उतरणाऱ्या बोळात. केरबा ड्यूटीवर होता. त्याची बायको बनुबाई दारात लसूण सोलत होती. क्षमाला बघून तिनं पदर सावरला, घोंगडी अंथरली, आणि चहा नको म्हटल्यावर रागावून चहा टाकला.

कोनाड्यात घट, घटासमोर दिवा. क्षमा समोर बसून राहिली. चहा झाला. बनुबाईच्या सुनेचं गाऱ्हाणं झालं. गुडघ्याचं झालं. शेजारणीची म्हैस आटली तेही झालं. बनुबाईनं मधे उठून दिव्यात तेल घातलं. वातीला हात लावला नाही.

"वात सारत नाही तुम्ही, मावशी?"

"न्हाई लागत ताई," बनुबाई खुशीत आली. "दरसाल रातभर बसावं लागायचं. औंदा आईनं किरपा केली. घट बसल्यापास्नं तीच वात हाय बगा. जळतीया, पर कमी हुईना."

क्षमानं दिव्याकडं वाकून बघितलं.

जे जळत नाही, ते.

तिनं बनुबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की मावशी, मला ती वात बघायचीय. बनुबाई दचकली. अखंड दिव्याची वात काढायची? नवरात्रात? क्षमानं तिला समजावलं नाही, घाबरवलंही नाही. देव्हाऱ्यातलं निरांजन उचललं, कापसाची वात केली, तेलात भिजवली आणि मोठ्या दिव्यावर पेटवून घटासमोर ठेवली. ज्योत तीच, फक्त जागा बदललेली. बनुबाई बघत होती. ब्राह्मणाच्या घरची असली तरी पोरीला रीत ठाऊक आहे, म्हणाली, आणि मग आपणच चिमटा आणून दिला.

वात चिमट्यात धरून क्षमानं ती स्टोव्हच्या आचेवर नेली. तेल भडकलं, वात लालभडक झाली. कापूस असता तर राखेची चिमूट उरली असती. लाली उतरली आणि चिमट्यात जशीच्या तशी, पहिल्यापेक्षा पांढरी वात.

बनुबाईनं हात जोडले.

"ही कुणी दिली, मावशी?"

"गंगाधर सायबांनी. त्यांनी त्यांच्या घरी नेली, आमाला दिली, आन् कडेगावला आबांच्या बंगल्यावर बी पाठवली. न संपनारी वात हाय म्हनले, देवीपुढं लावा."

४

गंगाधररावांच्या टेबलावर क्षमानं ती वात ठेवली. त्यांनी वातीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि खुर्चीत उतरत गेले.

मग बोलले, ते सगळंच. पंधरवड्यात आबांनी बाहेरून माणसं आणली आणि सगळं उतरवून घेतलं. परदेशी लोकांना हे चालत नाही, त्यांच्या खुळापायी सौदा मोडायला नको, एवढंच आबा म्हणाले. नवा पत्रा लावताना गंगाधरराव स्वतः उभे होते. उतरवताना दोराचं एक टोक त्यांनी काडी लावून बघितलं, जळेना. त्यांना नवल वाटलं. बायको दरसाल नऊ रात्री जागते, तिची सोय होईल म्हणून तुकडा खिशात घातला.

"मी खोटं बोललो, कबूल," ते म्हणाले. "सौद्यासाठी बोललो, नोकरीसाठी बोललो. पण हे विष असतं हे मला माहीत असतं तर मी ते माझ्या देव्हाऱ्यात नेलं असतं का हो? माझी बायको रोज त्याच्यासमोर पोथी वाचते."

क्षमाला या माणसाचा संताप येत होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही एकदमच. हा अडाणी नव्हता. पुस्तकं वाचणारा, हिशेब जाणणारा माणूस. पण दोराजवळ झोपणारे कामगार मेले तेव्हा त्यानं विचारलं नाही कसे मेले, आणि परदेशी माणूस एका वस्तूला घाबरतोय हे बघितलं तेव्हाही विचारलं नाही का घाबरतोय. तो आपल्यापेक्षा नाजूक असतो, एवढं म्हणून मोकळा झाला. आपल्या फुप्फुसांची किंमत आपणच अशी ठरवून टाकलीय.

तिनं सांगितलं की तेलात भिजलेल्या वातीनं लगेच काही होत नाही, पण घरी फोन करा आणि कापसाची लावायला सांगा. जुनी ओली असतानाच पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा. "आणि आता हे सांगा. बाकीचं कुठं गेलं?"

ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. गाद्या फोडून आतला पुंजका गोण्यांत भरला, दोर वेगळे भरले, एवढं त्यांनी बघितलं. पुढचं आबांनी बघतो म्हणून सांगितलं होतं.

केरबाला बोलावलं. तो आला, सलाम ठोकला.

"केरबाकाका, तुम्ही म्हणालात गेटातून काही गेलं नाही."

"भंगाराची गाडी गेली न्हाई म्हनलो, ताई. न्हाईच गेली."

"मग कसली गेली?"

"गाडी कशाची? आबांच्या दानाचा टेंपो गेला. म्होरं देवीचा फोटो, हार घातलेला. कडेगावच्या बालवाडीला आबांच्या आईच्या नावानं गाद्या करून द्याच्या हायत, त्याचा कापूस हुता." केरबाला तिचा चेहरा बघून काही उमगेना. "मी न्हाई उघडून बघितला. दानाची झडती कुठं घेत्यात व्हय?"

बालवाडीचं उद्घाटन दसऱ्याला होतं. गंगाधररावांच्या टेबलावर त्याची निमंत्रणपत्रिका चार दिवस पडून होती आणि तिच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याला दोनच रात्री उरल्या होत्या.

५

सकाळी गंगाधररावांनी मिलचा टेंपो काढला. कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्यावरून, कऱ्हाडवरून ते क्षमाला घेऊन कडेगावला निघाले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस.

बालवाडी आबांच्या बंगल्यालगतच, पण तिला कुलूप, आणि किल्ली बंगल्यावर. आबांची सून संयोगिता बालवाडीचं सगळं बघत असे. तिनं दोघांना दिवाणखान्यात बसवलं, दिवाणखान्यातल्याच देव्हाऱ्यापाशी गेली, निरांजन पेटवून बाजूला ठेवलं आणि मोठ्या दिव्याची काजळी झाडून वात पुढं सारली. थकलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

क्षमा बघत राहिली. दिव्यात कापसाची वात होती.

तेवढ्यात आबा आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात अडकित्ता. क्षमानं गोण्यांचं नाव काढताच त्यांनी कपाळाला हात लावला. अरारा, म्हणाले, असलं काय असतं आम्हाला काय ठावं? आम्ही शेतकरी माणसं. पांढरं दिसलं, मऊ लागलं, फेकायचं कशाला, पोरांच्या गाद्या होतील, म्हणून दिलं. आईच्या नावचं पुण्य लागेल. मग गंगाधररावांकडं वळले. "मॅनेजर हे हायती. शिकल्याली मानसं. ह्यांनी सांगायला नगं व्हतं?"

गंगाधररावांची मान खाली गेली. आणि क्षणभर क्षमालाही वाटलं की हा म्हातारा म्हणतो ते खरं असेल. गंगाधररावांना माहीत नव्हतं, केरबाला नव्हतं, बनुबाईला नव्हतं. मग यालाही नसेल.

पण मग तो दिवा?

"संयोगिताताई," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "गंगाधररावांनी तुमच्याकडं एक वात पाठवली होती. न जळणारी. तुम्ही नाही लावली?"

"आलेली की," संयोगिता म्हणाली. तिचं अर्धं लक्ष दिव्याकडं. "मी लावनारच हुते, जागरन तरी वाचलं असतं. पर मामंजींनी चिमट्यानं उचलली आन् परसात खड्डा काढून पुरली. मला साबनानं दोनदा हात धुवायला लावले. साईराजनं हातात घेतलेली, तर त्याला अंगोळ घातली, कापडं बी टाकून दिली त्याची."

साईराज म्हणजे तिचा मुलगा. चार वर्षांचा.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

क्षमा उभी राहिली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तो आपोआप चढला.

"आबा, तीन घरांत ती वात गेली. दोन घरांनी देवापुढं लावली, कारण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक नसतं तो ती लावतो. तुम्ही ती चिमट्यानं उचललीत. पहिल्या खेपेला बॉयलर हाऊसमध्ये न शिरता गाडीपाशी नाकाला रुमाल धरून उभे राहिलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. कंपनीच्या लोकांनी पुण्याच्या बैठकीत तुम्हाला बोलावलं होतं, एकट्याला. फुप्फुसांचे फोटो दाखवतात ते, दरवेळी दाखवतात. तुम्हालाही दाखवले. नातवाला आंघोळ घातलीत आणि गावच्या पोरांना गाद्या."

संयोगितानं दिव्यावरचा हात काढून घेतला होता. ती सासऱ्याच्या हातातल्या अडकित्त्याकडं बघत होती.

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. आता शेतकरी माणूस गेला होता, मालक उरला होता. "बालवाडी माझी, जागा माझी. त्या गोन्या बी माझ्या हायती. कोन हात लावतं बगतोच."

"त्या तुमच्याच आहेत ना?"

"माझ्याच. धा येळा सांगतो."

"एकदा पुरे," क्षमा म्हणाली. "तिघांनी ऐकलं."

मग तिनं किल्ली मागितली. आबांनी सुनेकडं नुसतं बघितलं. संयोगितानं कमरेची किल्ली काढली, साईराज कुठं आहे ते खिडकीतून बघून घेतलं, आणि किल्ली क्षमाच्या हातावर ठेवली. सासऱ्यासमोर तिनं इतक्या वर्षांत मान वर केली नसेल. आजही केली नाही. किल्ली मात्र दिली.

६

बालवाडीच्या कुलपाआडच्या मागच्या पडवीत पिंजारी बाबालाल नदाफ गाद्या शिवत बसला होता; दिवसभर त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावत. तोंडाला काही नाही. भुवया, मिशा, टोपी, सगळं पांढरं. पिंजण भिंतीला टेकून ठेवलेलं. आठवडाभर तो हेच पिंजत होता. भिंतीला लागून छोट्या छोट्या गाद्यांची रास, फुलाफुलांच्या खोळी, एकेका पोराच्या मापाच्या. उरलेल्या गोण्या कोपऱ्यात.

त्यानं सलाम केला आणि म्हणाला की लय चिवट कापूस हाय, ताई, तुटता तुटत न्हाई, घसा बी धरतो.

क्षमानं त्याला पडवीतून बाहेर काढलं, अंगावरचे कपडे न झटकता उतरवायला लावले, आंघोळीला पाठवलं. मग गाद्या, गोण्या, पडवी, सगळ्यावर झारीनं पाणी मारून भिजवून काढलं, म्हणजे तूस उडायला नको. ऊसवाल्यांच्या घरी खताच्या गोण्यांतलं प्लॅस्टिक हवं तेवढं. संयोगितानं ते मागवलं. तोंडाला ओला पंचा बांधून गंगाधररावांनी ओल्या गाद्या आणि गोण्या प्लॅस्टिकात घातल्या, तोंडं बांधली, टेंपोत चढवल्या. या माणसानं घरी कधी बाजाराची पिशवी उचलली नसेल. पिंजण आणि बाबालालचे कपडेही बांधले.

निघताना बाबालाल ओल्या केसांनी टेंपोपाशी आला.

"मला काय हुतंय का, ताई?"

खोटं बोलणं सोपं होतं. गावोगाव डॉक्टर बोलतात तसं. क्षमा म्हणाली की आज नाही कळणार, बाबालालभाऊ. वर्षं जातील. दरसाल मिरजेला छातीचा फोटो काढायचा आणि डॉक्टरला सांगायचं की मी ॲस्बेस्टॉस पिंजलंय, हा शब्द पाठ करायचा. खर्च कुणी द्यायचा तेही आता ठरणार आहे.

बाबालालनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. तिसऱ्यांदा नीट आला.

त्यांच्या मागोमाग आबांची गाडी निघाली, पण कऱ्हाडच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली असावी. टेंपो शिरवळला पोहोचला तेव्हा उन्हं कलली होती. खंडेनवमीची पूजा म्हणून केरबानं गेटाला झेंडूचं तोरण बांधलं होतं आणि दंडुक्यालाही कुंकू लावलं होतं. तो खिडकीशी आला, मागं बघितलं.

"काय हाय ह्यात, सायेब?"

गंगाधरराव काही बोलण्याआधी क्षमा म्हणाली, "दानाचा टेंपो आहे, केरबाकाका. परत आलाय. झडती घेणार?"

केरबा एकटक तिच्याकडं बघत राहिला. बनुबाईनं त्याला रात्री वातीचं सगळं सांगितलं असणार. त्यानं गेट उघडलं, पार दोन्ही फाटकं, मागं सरला आणि टेंपोला सलाम ठोकला.

बॉयलर हाऊसमध्ये चकचकीत पाइपांखाली सगळा माल रचला. जिथून गेला होता तिथंच. आबांची गाडी आत आली तेव्हा क्षमा रंगाचा डबा उघडत होती. आबा दारात थांबले. नाकाला रुमाल लावला. आत यायची छाती त्यांना आजही झाली नाही.

तिनं सरळ पुण्याला फोन लावला. मिलच्या ऑफिसातला फोन वायर लांब करून गंगाधररावांनी दारापर्यंत आणला होता. मुकुलनं उचलला आणि हसतच विचारलं की काय, स्वच्छ आहे ना इमारत?

"नाही," क्षमा म्हणाली. "इमारतीत ॲस्बेस्टॉस आहे. मालकाचं स्वतःचं, त्यानं तिघांसमोर सांगितलंय. मी आत्ता त्याच्यासमोर उभी आहे. नमुने घेते, सकाळी आणते. कंपनीला सांग, हे नीट काढून पुरायचा खर्च आणि एका पिंजाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च मालकानं भरल्याशिवाय ही मिल विकली जाणार नाही. आणि तुला सही पाहिजे होती ना दसऱ्याला? देते."

मुकुल काहीतरी म्हणत होता. तिनं रिसीव्हर गंगाधररावांच्या हातात दिला, ब्रश निळ्यात बुडवला, आणि लोखंडी पट्टीवरच्या शेपटाला खालच्या गोणीपर्यंत लांब ओढून घेत सातचं हरवलेलं डोकं तिथंच, आबांच्या डोळ्यांदेखत, पुरं केलं.